डावं सिलिंडर माझं

डावं

सासऱ्यांनी मला सिलिंडर दिलं, तेही एकच. गॅसचं नव्हे; तसं असतं तर घरात निदान कौतुक तरी झालं असतं. हे विमानाच्या इंजिनाचं. विमानही माणसं बसतात ते नव्हे. सासऱ्यांनी स्वतः लाकूड कापून, कागद चिकटवून बनवलेलं, दारातून तिरकं करूनच बाहेर निघेल एवढं. त्याच्या नाकाशी एक इंजिन, आणि त्या इंजिनाला डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन सिलिंडरं, कुणी मिठी मारायला हात पसरावेत तशी. डावं मला मिळालं, उजवं माझ्या साडूला.

सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांची खोटी वजनं पकडण्यात त्यांची हयात गेली. त्यांना दोन मुली, त्यामुळे घरातही सगळं तोलून. केक कापायचा तर पट्टी लावून. थोरलीला धपाटा बसला तर धाकटीलाही बसायचा, तिनं काही केलेलं असो वा नसो. धाकटी म्हणजे माझी बायको. ती म्हणते, न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा सोसायची सवय तिथेच लागली, म्हणून हे लग्न टिकलं.

तर आता सासऱ्यांच्या गुडघ्यांनी त्यांच्या तिसऱ्या मजल्याशी बोलणं टाकलं होतं. कुठल्यातरी मुलीकडे राहायला जाणं भाग होतं. थोरली म्हणाली माझ्याकडे, धाकटी म्हणाली माझ्याकडे. मी मधला मार्ग काढला.

"सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे."

"मी काय फिरता चषक आहे?" सासरे म्हणाले.

मग त्यांनीच फैसला सुनावला. इंजिन नवं आहे, हळूहळू चालवून बसवायला हवं. त्यांचे हात आता कापतात. तेव्हा एकेका जावयानं एकेक सिलिंडर सांभाळायचं. महिनाअखेरच्या रविवारी मैदानावर एक टाकी भरून इंजिन चालवायचं. "ज्याचं सिलिंडर आधी गार पडेल, त्याच्याकडे मी राहायला येईन."

"गार पडेल त्याच्याकडे?" साडूनं विचारलं.

"ज्याचं चालतंय त्याला माझी काय गरज?"

"आणि दोन्ही चालली तर?" हे मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तर कुणालाच गरज नाही. वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवली आहे. लिफ्ट आहे तिथे."

दोन्ही मुलींनी एकदम आमच्याकडे पाहिलं. जणू वृद्धाश्रम आम्हीच बांधला होता.

(ही हकीगत मी लिहितोय हे सासऱ्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी हिचीही वाटणी केली. यापुढे एक तुकडा माझा, एक साडूचा. साडू दातांचा डॉक्टर आहे. दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणं हा त्याचा धंदा. स्वतःचं तो सहसा उघडत नाही.)

उजवं

मला प्रिस्क्रिप्शनपलीकडे लिहायची सवय नाही. वरच्या मजकुरात एक चूक आहे. केक पट्टीनं कापायचे नाहीत. कोनमापकानं.

डावं

घरी येऊन चपला काढतो न काढतो तोच बायको म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्ही हरायला हवं."

"हरणं काय माझ्या हातात आहे?"

"का नाही? आजवर कधी चुकलंय का?"

मी विम्याच्या ऑफिसात दावे तपासतो. तपासतो म्हणजे नाकारतो. यंत्रात बोटं गेलेल्या माणसांचे कागद वर्षानुवर्षं वाचल्यामुळे फिरत्या कुठल्याही वस्तूपासून मी हातभर लांब उभा राहतो. घरातल्या मिक्सरशीसुद्धा माझं बोलणं दुरूनच. अशा माणसाला हरायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं. पण हरायचं कसं हे कळायला, चालतं कसं हे आधी कळायला हवं. आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. मला ते कळायला लागलं, आणि आवडायला लागलं.

मोटारीच्या इंजिनात ठिणगी पडते. इथे ठिणगीच नाही! प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर नखाएवढा एक ग्लो प्लग, आणि त्याच्या पोटात केसासारख्या तारेचं वेटोळं. सुरुवातीला बॅटरी लावून ते वेटोळं लाल करायचं आणि पंखा फिरवायचा. इंधन पेटतं. त्या आगीनं तार लालच राहते, आणि लाल तारेवर पुढचं इंधन पेटतं. मग बॅटरी काढून घेतली तरी चालूच. एकदा कुणीतरी तापवून दिलं की पुढे आपल्याच तापावर चालत राहायचं. आमचे साहेब असेच आहेत, पण त्यांची रचना आतून कशी असेल हे मला आत्ता कळलं.

इंधन किती सोडायचं ते एक सुई ठरवते. सुई म्हणजे बारीक टोकाचा स्क्रू. उघडला की इंधन जास्त, आवळला की कमी. जास्त झालं की तार भिजून गार. कमी झालं की इंजिन तापून त्याच्या घशाला कोरड. या इंजिनाची सोय अशी की दोन्ही बाजूंना स्वतंत्र कार्बुरेटर आणि स्वतंत्र सुया. सासऱ्यांनी ते मुद्दाम शोधूनच घेतलं असणार.

आणि खरी गंमत पुढेच आहे. एक सिलिंडर गार पडलं तरी इंजिन बंद पडत नाही. दुसरं त्याला ओढत नेतं. पंखा फिरतो, आवाज होतो, धूर निघतो. कुठलं चालतंय आणि कुठलं नुसतंच हलतंय, हे बघून सांगता येत नाही. वर पाण्याचा थेंब टाकावा लागतो; तापलेलं असेल तर तो चर्र करून उडतो. मी ऑफिसात बसून सहकाऱ्यांकडे पाहत राहिलो. दुपारी त्यांतल्या एकानं विचारलं, "काय बघतोस?" मी म्हणालो, "काही नाही. पाण्याचा थेंब टाकून बघायला हवा."

उजवं

पेशंट आहे. तुमचं चालू द्या.

डावं

बघा. गार पडलं.

विमान आमच्या इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत ठेवलं होतं. कुलूप एक, किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक साडूकडे. पहिल्या चाचणीला मागच्या अंगणात आम्ही विमान इस्त्रीच्या जुन्या टेबलाला पट्ट्यांनी आवळून बांधलं. बातमी आधीच पसरली होती. तळमजल्यावरच्या शिंप्यानं शिलाई मशीनचं तेल आणून दिलं. "एक थेंब टाका, पळेल." शेजारच्या वहिनींनी विचारलं, यावर ओले कपडे लवकर वाळतील का. आणि आमच्या घराच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, हेडमास्तर येऊन उभे राहिले. ते निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण इमारतीला ते अजून वर्गच समजतात.

पंखा कुणी फिरवायचा यावर वाद झाला. पंख्याला पाती दोन, म्हणून सासऱ्यांनी एकेक पातं वाटून दिलं होतं. साडू मागे सरकला. "माझी बोटं म्हणजे माझं दुकान."

"आणि माझी?"

"तुझी फक्त 'दावा नामंजूर' लिहितात. ते डाव्या हातानंही जमेल."

शेवटी काठीला रबरी नळी चढवून, शक्य तितक्या दुरून, मीच तडाखा दिला. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा इंजिनानं काठी उडवून लावली. तिसऱ्यांदा ते खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं! एरंडेलाचा वास अंगणभर पसरला. इंजिन आतून ओलं राहावं म्हणून इंधनात एरंडेल असतं. शिंपी नाक धरून म्हणाला, "लहानपण आठवलं."

मी भारावून उभा होतो. एवढीशी वस्तू, आणि हा आवाज! पण सासरे मान तिरकी करून ऐकत होते.

"एकच चालतंय," ते म्हणाले.

"माझं चालतंय," मी म्हणालो.

"माझं," साडू म्हणाला.

सासऱ्यांनी डोळ्यांच्या औषधाची ड्रॉपर काढली. त्यात पाणी होतं. साडूच्या सिलिंडरच्या डोक्यावर एक थेंब सोडला. चर्र! थेंब नाहीसा. मग माझ्यावर. माझ्या सिलिंडरवर तो थेंब मोत्यासारखा बसून राहिला. पंख्याच्या वाऱ्यानं जरासा हलला, इतकंच.

गॅलरीतून बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की तसं लग्नातही पाहिलं नव्हतं. पण माझा जीव जळत होता. मी अजून हरायला सुरुवातही केली नव्हती! मी ते सिलिंडर मनापासून, पुस्तक वाचून लावलं होतं. मुद्दाम हरणं वेगळं आणि आपणहून हरणं वेगळं, हे बायकोला समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, "निकाल लागला ना, मग उत्तरं कशाला तपासायची?"

इतक्यात वरून हेडमास्तर गरजले, "हे काय चाललंय?"

"अर्धं चाललंय," सासरे खालून म्हणाले.

"शांततेच्या वेळेत?"

"तुमची शाळा सुटली साहेब. घंटा ऐकू आली नाही का?"

"ऐकू कशी येणार? तुमचं हे भांडं वाजतंय!"

"भांडं? खाली या. दाखवतो भांडं."

हेडमास्तर खाली आले. इंजिन बंद झाल्यावरही सासरे आणि ते बराच वेळ भांडत राहिले. ध्वनी, शिस्त, सरकारी खाती, हल्लीची पिढी असं करत करत गाडी रुळावरून घसरून कुठेही गेली. जाताना सासरे गुणगुणत होते. बायको म्हणाली, "बाबा आज हसले हो." मी लक्ष दिलं नाही. मी थेंबाचा विचार करत होतो.

उजवं

चाचणीनंतर मी दात बघायच्या आरशानं त्याच्या प्लगच्या भोकात डोकावून पाहिलं. कीड नव्हती. तो इंधन जास्त सोडत होता. मी त्याला सांगितलं नाही. माझी बायको शेजारीच उभी होती, आणि तिलाही वडील आपल्याकडेच हवे होते.

डावं

वरचा तुकडा मी आत्ता पहिल्यांदा वाचला. असो.

मैदानाच्या परवानगीसाठी मी कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "विमान आहे की खेळणं?"

"खेळण्यातलं विमान."

"विमान असेल तर वरचा मजला. खेळणं असेल तर पलीकडची खिडकी."

पलीकडच्या खिडकीनं विचारलं, आवाज होतो का. होतो म्हटल्यावर त्यांनी मला ध्वनिक्षेपकाच्या खिडकीकडे पाठवलं. तिथल्या गृहस्थांनी चहाचा कप बाजूला ठेवला. "किती कर्णे?"

"दोन," मी म्हणालो. एव्हाना मला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता, आणि धूर बाहेर सोडणाऱ्या नळ्या दोनच होत्या.

परवानगी मिळाली. अट एकच. मैदानात खुंटी ठोकायची नाही. हिरवळ खराब होते. मी मान डोलावली. विमान कशाला बांधायचं हा प्रश्न त्या क्षणी मला फारच लहान वाटला.

दुसऱ्या चाचणीच्या आदल्या दिवशी बायको मला जिन्याखाली घेऊन गेली आणि म्हणाली, "आता नशिबावर नको." मी माझी सुई पूर्ण एक फेरा उघडली. आता तार भिजणार, हे निश्चित. मन खात होतं. लहान मुलाला परीक्षेत चुकीचं उत्तर सांगितल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात सासरे, साडू, थोरली ताई, माझी बायको, शिंपी, वहिनी आणि वर हेडमास्तर. मी काठीनं तडाखे देत राहिलो. इंजिन सुरू होईना. नुसतं थुंकत होतं. एकदा पंख्यानं सगळं साठलेलं इंधन भिरकावलं. ते माझ्या शर्टावरून, शिंप्याच्या कानावरून वर गेलं आणि हेडमास्तरांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर ठिपक्याठिपक्यांनी उतरलं.

"चादर!" हेडमास्तर म्हणाले. एवढंच. शिक्षेआधीचा तो जुना आवाज होता.

सासरे या वेळी त्यांच्याशी भांडले नाहीत. मला वाटलं होतं भांडतील. त्यांनी थेंब टाकून पाहिला नाही, सुयांना हात लावला नाही. खिशातला रुमाल काढून इंजिनावर घातला. "याचं मन नाही लागत," ते म्हणाले. "राहू दे. मला फक्त एकदा दोन्ही एकत्र ऐकायची होती." आणि गुडघे सांभाळत गाडीकडे गेले.

बायकोचा चेहरा बघवेना.

उजवं

मी माझी सुई फिरवली नव्हती.

फिरवली होती. दीड फेरा.

डावं

दोन दिवसांनी मी दुपारीच ऑफिसातून निघालो. "दातांच्या डॉक्टरकडे जातो," असं सांगितलं होतं. खोटं ठरलं नाही. जिन्याखालची खोली उघडी होती आणि आत दातांचे डॉक्टर माझ्या सिलिंडरसमोर उकिडवे बसले होते.

"माझ्या सिलिंडरला हात लावू नकोस," मी म्हणालो.

"हात कुठे लावतोय? आरसा लावतोय."

मी त्याच्या सिलिंडरकडे पाहिलं. "किती उघडली होतीस?"

"दीड."

"मी एक."

तो हसला. साडू हसतो हे मला माहीत नव्हतं. त्याचे दात फार चांगले आहेत.

"बाबांनी एकदा ऐकू दे," तो म्हणाला. "मग मैदानावर मी हरतो."

"तू कशाला? मी हरतो. मला सवय आहे."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

आम्ही टेबल अंगणात काढलं. आणि तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की गेले इतके दिवस आम्ही काय करत होतो. दोन्ही सुया एकेकानं, आपापल्या वेळी, दुसऱ्याकडे पाठ करून फिरवल्या होत्या. तो माझ्या मेलेल्या सिलिंडरला ओढणाऱ्या आवाजावरून आपली सुई लावायचा, मी त्याच्या. शिवाय माझा प्लग एका जातीचा, त्याचा दुसऱ्या. एकाची तार लवकर गार पडायची, दुसऱ्याची उशिरा. आम्ही दुकानातून एकाच जातीचे दोन आणले. दुकानदार म्हणाला, "दोघांचं एकच विमान आहे होय?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न आम्हाला कुणी आधी विचारलाच नव्हता.

मग मी काठी घेतली आणि त्यानं बॅटऱ्या. दोन्ही सुया थोड्या जास्तच उघड्या ठेवून सुरू केलं. धूर, तेल, भरभर. बॅटऱ्या काढल्या. माझं गार पडलं. तो म्हणाला, "तुझी पाव फेरा मीट." मी मिटली. थेंब टाकला. चर्र. आता त्याचं रेंगाळलं. त्यानं मिटली. पुन्हा माझं. थोडी इकडे, थोडी तिकडे. मी विम्याचा माणूस हे विसरलो, पंख्याच्या मागून हात घालून सुई धरत होतो. आणि मधेच तो आवाज बदलला.

कसा सांगू? तोवर तो आवाज लंगडणाऱ्या माणसाचा होता, एक पाय टाकायचा आणि दुसरा ओढायचा. एकाएकी दुसरा पायही जमिनीवर पडला. आवाज मोठा झाला नाही, भरला. टेबल थरथरायचं थांबलं आणि पुढे झुकलं. साडूनं एक थेंब माझ्यावर टाकला, मी एक त्याच्यावर. दोन्ही चर्र. आम्ही वेड्यासारखे थेंब टाकत राहिलो.

वरून हेडमास्तर म्हणाले, "आता काय झालं?"

"दोन्ही चाललीत!" मी ओरडलो.

ते थोडा वेळ ऐकत राहिले. "त्या दिवशीचे ते गृहस्थ कुठे आहेत?"

"ते रविवारी मैदानावर येणार आहेत."

"मग मी तिथेच येतो. आवाज कुठवर जातो ते बघायला."

उजवं

दोन्ही एकत्र चालल्याचा आवाज मला पेशंटच्या तोंडात ड्रिल असतानाही आठवतो. पेशंटना सांगत नाही.

डावं

रविवारी हेडमास्तर आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन मैदानावर आले आणि विमानाच्या मागेच बसले. खुंटी ठोकायची नव्हती. टेबल सासऱ्यांनी नाकारलं होतं. विमान जमिनीवर चाकांवर उभं राहून चाललं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. विमानाच्या शेपटीची दोरी बांधायला आसपास काहीच नव्हतं. साडूनं ती हळूच खुर्चीच्या पायाला बांधली. हेडमास्तर जडच आहेत.

टाकी भरली. तडाखा. दुसऱ्याच तडाख्याला ते सुरू झालं, आणि दोन्ही! सासऱ्यांनी मान तिरकी केली. मग सरळ केली. त्यांनी ड्रॉपर काढलीच नाही. डोळे मिटले.

आता बघा. कराराप्रमाणे आम्हा दोघांपैकी एकानं आपली सुई उघडायची होती. बायको माझ्याकडे रोखून बघत होती. थोरली ताई साडूकडे. माझा हात सुईपर्यंत गेला, आणि मागे आला. साडूचाही गेला, आणि मागे आला. तो आवाज बिघडवणं मला जमेना. थोड्या वेळानं करू, असं म्हणत टाकी खाली होत गेली. वृद्धाश्रमाची लिफ्ट माझ्या डोळ्यांपुढून वर गेली, खाली आली. तरी हात जाईना.

तेवढ्यात हेडमास्तर काहीतरी सांगायला उठले. "तुमच्या या यंत्रानं—"

त्यांचं पुढचं काहीच ऐकू आलं नाही, कारण विमान निघालं. रिकामी खुर्ची घेऊन. एका सिलिंडरवर ती तसूभरही हलली नसती. दोघांच्या जोरावर ती हिरवळीवरून भर मैदानात निघाली. हेडमास्तर खुर्चीमागे, मी विमानामागे, साडू माझ्यामागे. पहारेकरी ओरडत होता, "खुर्ची ओढायची परवानगी कुठंय?" सासरे तिथेच उभे राहून हसत होते. एवढं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मैदानाच्या टोकाला इंधन संपलं आणि विमान थांबलं. दोन्ही सिलिंडरं एकदम गप्प.

मग भानावर आलो. दोन्ही चालली होती. शेवटपर्यंत.

सासरे ड्रॉपर घेऊन आमच्या दिशेनं निघाले, गुडघ्यांच्या गतीनं. पण दोन्ही बहिणी त्यांच्या आधी धावत पोहोचल्या. माझ्या बायकोनं माझ्या सिलिंडरवर तर्जनी टेकवली.

"गार आहे!" ती ओरडली.

"माझं गार आहे!" थोरली ताई म्हणाली. तिचं बोट साडूच्या सिलिंडरवर.

दोघींचे चेहरे शांत. डोळ्यांत पाणी. मला जळल्याचा वास आला. ताईनं हात आधी मागे घेतला. माझी बायको अजून बोट टेकवून उभी.

"बाबा, खरंच गार आहे," ती म्हणाली. "बघा ना."

सासरे येऊन पोहोचले. त्यांनी थेंब टाकला नाही. "बोटं दाखवा," ते म्हणाले.

दोघींनी लहानपणीसारखे हात पुढे केले. दोन बोटांवर दोन फोड उठत होते. सासऱ्यांनी खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढला. मिलिमीटरच्या भागांपर्यंत माप देणारा, त्यांच्या नोकरीचा. आयुष्यात त्यांनी त्यावर चुकीचं माप वाचलेलं नाही. थोरलीच्या बोटावर लावला. मग धाकटीच्या. मी खांद्यावरून वाकून बघत होतो. माझ्या बायकोचा फोड सरळसरळ मोठा होता.

सासऱ्यांनी कॅलिपर मिटला.

"सारखेच," ते म्हणाले.

त्यांनी कॅलिपर खिशात टाकला आणि दोघींच्या बोटांवर फुंकर घातली, आधी एकीच्या, मग दुसरीच्या. "आता निकाल लागत नाही. म्हणजे मला पाहिजे तिथे जायला मी मोकळा."

"कुठे, बाबा?" दोघींनी एकदम विचारलं.

ते हेडमास्तरांकडे वळले. हेडमास्तर खुर्चीचा वाकलेला पाय सरळ करायचा प्रयत्न करत होते.

"यांच्या खाली," सासरे म्हणाले. "धाकटीकडे. त्या दिवसाचं आमचं बोलणं अर्धवट राहिलंय."

"अर्धवट?" हेडमास्तर म्हणाले. "मी तर सुरुवातही केलेली नाही! आधी चादर!"

उजवं

फोड सारखेच होते. मी डॉक्टर आहे.

सासरे आता धाकटीकडे राहतात. हेडमास्तर रोज सकाळी खाली येतात, तक्रार करायला, आणि जेवायच्या वेळेला वर जातात. माझी बायको आठवड्यातून एकदा तिथे जाते. मी रविवारी जातो, सिलिंडर बघायला. दर रविवारी कुणीतरी माझी सुई पाव फेरा उघडून ठेवलेली असते. साडू शपथेवर सांगतो की तो नाही. सासरे खिडकीत बसून बाहेर बघत असतात. मी सुई मिटतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जातो.